ताईचे आकडे

९ मार्च

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

नऊ वर्षं पत्र नाही, फोन नाही, त्याबद्दल आधी माफी मागतो. कामाचा व्याप, बदली, तब्येत अशी कारणं लिहून मी एक कागद भरला होता, तो फाडला. बदली एकदाच झाली आणि तब्येत तुझ्यामुळे उत्तम आहे. सुरुवात कशी करायची ते कळत नव्हतं, आणि जितके दिवस जात गेले तितकी ती अवघड होत गेली, एवढंच.

धाकटी बरी आहे. तू पहिला प्रश्न हाच विचारशील म्हणून सांगून टाकतो. गेल्या आठवड्यात क्रिएटिनिन १.२४ आलं. उसन्या किडनीला पंधराव्या वर्षी हे शोभून दिसतं, असं डॉक्टर म्हणाले. तुझ्याकडची ती थोरली आणि मला दिलेली ती धाकटी, ही नावं तू ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ठेवलीस. "धाकटीला तुझ्याकडे नांदायला पाठवतेय, छळू नकोस," असं तू म्हणालीस तेव्हा भूल देणारे डॉक्टरही हसले होते. मी छळलेलं नाही. सकाळच्या गोळ्या आठला, संध्याकाळच्या आठला, पाणी मोजून. वहीही चालू आहे. वजन, बीपी, काय खाल्लं, कोण काय बोललं, आणि पानाच्या तळाशी उद्याचं काम. एकच काम लिहायचं, हा नियम अजून पाळतो. "तोळामाशाला कामही तोळाभरच झेपायचं," असं तू म्हणायचीस.

नोकरी वजनमापांच्या खात्यातच आहे. दुकानोदुकानी जाऊन काटे तपासतो, बरोबर असेल तर शिक्का मारतो.

पत्राचं निमित्त असं की गेल्या मंगळवारी तुझ्या लेकीचा फोन आला. माझा नंबर तिने कुठून शोधला ते विचारलं नाही. आवाज हुबेहूब तुझा झालाय. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. ती म्हणाली, आई दिवसभर शिलाईच्या कारखान्यात कापड कापत थप्पीपाशी उभी असते, गुडघे गेलेत, तीन वर्षं रोज दुखण्याच्या गोळ्या घेते, सकाळी एक, संध्याकाळी एक, दुकानातून आणून. संध्याकाळी पायात चपला जात नाहीत. डोकं दुखतं. पंधरा दिवसांपूर्वी कापताना डोळ्यांपुढे धूसर झालं आणि यंत्राचं पातं रेघ सोडून गेलं, चाळीस बाह्या वाया गेल्या. तुझ्या हातून रेघ सुटली, हे मला पायांच्या सुजेपेक्षाही खरं वाटलं.

परवाच कुठेतरी वाचनात आलं की एकच किडनी असलेल्यांनी या गोळ्या रोज घेऊ नयेत. तेव्हा त्या बंद कर. बीपी, रक्त, लघवी एकदा तपासून घे. लेकीलाही मी फोनवर हेच सांगितलं आहे.

काळजी घे. उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.

तुझा धाकटा भाऊ


१७ मार्च

ताई,

साष्टांग नमस्कार आज लिहीत नाही. मागच्या पत्रात तो वाचून तू हसली असशील. काही लपवायचं असलं की हा अगदी व्यवस्थित वागतो, असं तू आईला सांगायचीस.

तुझ्या लेकीने काल कळवलं. तू पत्र दोनदा वाचलंस, घडी घालून मशीनच्या खणात ठेवलंस आणि गोळी घेतलीस. ती म्हणाली, आई म्हणते, "मला सहा वर्षं दवाखान्याने तपासलं आणि मग सुट्टी दिली. काही असतं तर त्यांनी कळवलं असतं. त्यांना काळजी नाही तर ह्याला आता कुठून पुळका आला?"

तुझं बरोबर आहे. पुळक्याचं मीच सांगायला हवं.

दवाखान्याने तुला सुट्टी दिलेली नाही. ती तिथे कुणालाच देत नाहीत. किडनी देणाऱ्या प्रत्येक माणसाला वर्षातून एकदा फॉर्म जातो, जिवात जीव असेपर्यंत. वजन, बीपी, क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन, कुठली औषधं चालू आहेत, काही त्रास आहे का. तू सहा तासांचा प्रवास करून यायचीस, आपण दोघं एकाच दिवशी रक्त द्यायचो, कॅन्टीनमध्ये चहा प्यायचो आणि वरच्या मजल्यावरच्या बाकावर बसून फॉर्म भरायचो. "तूच लिही, तुझं अक्षर चांगलं, मी सही ठोकते." आणि तू त्या काळात दर वर्षी खोली बदलत होतीस, म्हणून पत्त्याच्या रकान्यात माझा पत्ता होता. तो तसाच राहिला.

तेव्हा तुझा फॉर्म दर वर्षी माझ्याकडे येतो.

त्या दुपारी तू गेलीस, त्यानंतर आलेला फॉर्म मी तुला पुढे पाठवायला हवा होता. तो राहिला. फॉर्मबरोबर एक पिवळं पत्रक असतं. त्यात गोळ्यांबद्दल चौथ्या ओळीत ठळक अक्षरात लिहिलंय. म्हणजे 'परवाच कुठेतरी वाचनात आलं' हे मी खोटं लिहिलं. पत्रकाची प्रत सोबत जोडतोय.

त्या दुपारचं सांगतो. माझी बढती झाली होती, ऑफिसचे चौघे चहाला आले होते, तू तपासणीसाठी आलेली होतीस. तू साहेबांना म्हणालीस, "ह्याला फार फिरवू नका, आतला माल माझा आहे." साहेब म्हणाले, मग निम्मी बढती तुमची. सगळे हसले, मीही. मग स्वयंपाकघरात येऊन मी तुला म्हणालो, "ताई, किती वर्षं तेच उगाळणार? एवढं असेल तर काढून घेऊन जा." तू कप विसळत होतीस. चारही कप विसळून पालथे घातलेस, हात पुसलेस आणि म्हणालीस, "धाकटी कशी आहे विचारते ना, तेव्हा तुलाच विचारत असते रे." मग पिशवी घेऊन दुपारच्या गाडीने गेलीस.

ते वाक्य मी त्या दिवशी वहीत उतरवलं. अर्थ लागायला वेळ लागला असं म्हणणार नाही. तेव्हाच लागला होता.

गोळी घेऊ नकोस. पत्रक वाच.

तुझा धाकटा भाऊ


१९ मार्च

ताई,

हे पत्र लिहायच्या आधी मी तुझ्या लेकीला फोन केला आणि सगळं सांगितलं. पत्र तुला तिसऱ्या दिवशी मिळणार, म्हणजे सहा गोळ्या. हा हिशोब मला परवाच्या पत्राच्या वेळीच सुचायला हवा होता. मी तेव्हा अक्षर सुधारून दुसऱ्यांदा लिहीत बसलो होतो.

तिने तुला सांगितलं असेल. तरी माझ्या हातचं तुझ्याकडे असावं.

परवा मी लिहिलं की फॉर्म 'राहिला'. राहिला नाही. मी भरला. एक नाही, आठ.

पहिला फॉर्म आला तेव्हा मी तो तुला पाठवणारच होतो. वही काढून बघितली. 'उद्याचं काम: ताईचा फॉर्म पाठवणे.' ही ओळ सलग एकसष्ट पानांवर आहे. पाकीट तयार होतं, तिकीट लावलेलं होतं. आत नुसता फॉर्म कसा घालायचा, दोन ओळी लिहायला हव्यात, आणि दोन ओळी काय लिहायच्या, इथे गाडं अडलं. माफी मागायची तर पूर्ण मागायला हवी. पूर्ण मागायला वेळ हवा. रविवारी बसून लिहू. असे आठ रविवार गेले.

मग दवाखान्याचं स्मरणपत्र आलं. फॉर्म न मिळाल्यास आमच्या परिचारिका दात्यांच्या घरी संपर्क साधतील, असं त्यात होतं. मला डोळ्यांपुढे दिसलं की कुणीतरी बाई तुला फोन करून विचारतेय, आणि तू सांगतेयस, मला काही मिळालं नाही, माझा भाऊ माझ्याशी बोलत नाही. दवाखान्यात सगळे मला ओळखतात. मी तिथला गुणी पेशंट. बहिणीने किडनी दिली आणि त्याने तिला घराबाहेर काढलं, असं तिथे कुणी म्हणू नये, यासाठी मी तो फॉर्म भरला. आकडे घराजवळच्या लॅबचे चालतात, रिपोर्ट मागत नाहीत.

कसा भरला तेही सांगतो, कारण लाज नुसत्या भरण्यात नाही, त्यात आहे. मला माझं काम येतं, ताई. दुकानदार तपासणीच्या नोंदी घरी बसून भरतात, त्या मी एका नजरेत पकडतो. सलग चार महिने एकच आकडा, शेवटी शून्य किंवा पाच, सगळ्या नोंदी एकाच शाईत. म्हणून मी तुझे आकडे हलते ठेवले. क्रिएटिनिन ०.९८, मग १.०२, मग १.०१. एका वर्षी बीपी थोडं वाढवलं आणि शेऱ्यात लिहिलं, 'प्रवासाच्या दगदगीमुळे'. वजन एकसष्टच्या आसपास खेळवलं. लघवीतलं प्रोटीन: नाही. त्रास: नाही. चालू औषधं: नाही. पेन दर वर्षी वेगळं. तुझी सही तर सोपी आहे, एक मोठा फराटा. पहिल्यांदा कच्च्या कागदावर सराव केला. दुसऱ्या वर्षापासून गरज पडली नाही.

त्या रात्रीच्या, चुकलो, त्या संध्याकाळच्या पानावर लिहिलंय, 'ताईचा फॉर्म पाठवला.' वहीत खोटं लिहायचं नाही असा माझा नियम आहे, आणि ते वाक्य खोटं नाही. फॉर्म पाठवलाच होता. असा मी माणूस आहे.

माझ्या स्वतःच्या आकड्यांत मी कधी एक दशांशाचीही सूट घेतलेली नाही. एकदा प्रयोगशाळेने १.३ लिहून दिलं, तर मी परत जाऊन विचारलं, १.२६ का १.३४?

पहिली दोनतीन वर्षं मला भीती वाटायची. पुढे ती गेली आणि एक वेगळीच गोष्ट झाली. मार्चमध्ये फॉर्म भरून झाला की मला तुझ्याबद्दल बरं वाटायचं. ताई ठीक आहे. क्रिएटिनिन एक. मी स्वतः लिहिलेल्या आकड्यावर माझाच विश्वास बसायला लागला होता. भाजीवाल्याने असं केलं तर मी त्याचा काटा जप्त करतो.

आठही पिवळी पत्रकं माझ्या खणात आहेत. टाकून दिली नाहीत. ती का ठेवली याचं उत्तर मी शोधतोय, आणि जे सापडतंय ते माझ्या बाजूचं आहे, म्हणून लिहीत नाही.

आणखी एक. त्या पहिल्या मंगळवारी तुझ्या लेकीने फोनवर सरळ विचारलं होतं, "मामा, आईला एकच किडनी आहे, तर या गोळ्या चालतात का? तुम्हाला माहीत असेल." मला माहीत होतं. मी म्हणालो, "बघून सांगतो." कारण नाही म्हटलं असतं तर तिने पुढचं विचारलं असतं, की मग आम्हाला कुणीच कसं सांगितलं नाही. बघून सांगायला मी एक दिवस घेतला. दोन गोळ्या.

आज सगळं तिने ऐकून घेतलं. मग तिने एवढंच विचारलं, "मामा, तुम्ही आईची सही केलीत?" मी हो म्हणालो. तिने फोन ठेवला.

ऑपरेशनच्या वेळी ती नऊ वर्षांची होती. भावजी जाऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. तुझं काही बरंवाईट झालं असतं तर तिला कुणीच नव्हतं, आणि तरी तू टेबलावर चढलीस. त्या पोरीला मी काल 'हो' म्हणालो. काल नाही, आज. तारखा चुकताहेत माझ्या.

मी


२ एप्रिल

ताई,

तू लिहिलेलं नाहीस आणि लिहावंस असं मी म्हणूही शकत नाही. तुझ्या लेकीने मात्र रिपोर्टचा फोटो पाठवला. सोबत शब्द एकही नाही. बीपी १७२/१०४. क्रिएटिनिन १.६. लघवीत प्रोटीन तीन अधिक, म्हणजे बरंच. वजन चौऱ्याहत्तर.

मी ते आकडे वहीत उतरवले. पंधरा वर्षांत तुझ्या नावाचं पहिलं पान.

मग तिला फोन केला. तिने उचलला, हे तिचे उपकार. डॉक्टर काय म्हणाले ते विचारलं. दुखण्याच्या गोळ्या त्या दिवसापासून बंद, बीपीच्या दोन चालू, मीठ कमी, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. सूज उतरेल. आकडा थोडा खाली येईलही, पूर्ण कदाचित नाही. डायलिसिसच्या मशीनवर जायची वेळ आलेली नाही आणि येऊ नये असं बघू, असं ते म्हणाले. मी विचारलं, हे किडनी दिल्यामुळे झालं का? तिने डॉक्टरांना तेच विचारलं होतं. ते म्हणाले, ठामपणे सांगता येत नाही. पंचावन्नाव्या वर्षी बीपी दोन किडन्यांवाल्यांनाही होतं. देणाऱ्यांना थोडं जास्त होतं, म्हणून तर वर्षाला बोलावतात. बहुतेक जण ठीक राहतात. ज्यांचं बिघडतं त्यांचं लवकर कळलं तर रोजच्या एका गोळीवर भागतं. "तुमच्या आईंचं चारपाच वर्षांपूर्वी कळायला हवं होतं," असं म्हणून ते थांबले, कारण तू म्हणालीस की कळवणारा घरचाच होता. ते तिने मला मुद्दाम सांगितलं. बरं केलं.

चारपाच वर्षांपूर्वीच्या फॉर्मची माझ्याकडची प्रत काढली. त्या मार्चमध्ये मी तुझं बीपी १२४/७८ लिहिलंय.

काल अर्धा दिवस रजा टाकून दवाखान्यात गेलो. आठ फॉर्मच्या प्रती माझ्याकडे होत्याच, त्यांचे झेरॉक्स काढून नेले. वरच्या मजल्यावरची ती खोली अजून तशीच आहे, बाक मात्र बदललाय, आता लोखंडी खुर्च्या आहेत. दात्यांचा पाठपुरावा बघणाऱ्या बाई नव्या आहेत, म्हणजे सात वर्षं जुन्या. आपल्याला त्यांनी कधी एकत्र पाहिलेलं नाही. मला बघून उठल्या. म्हणाल्या, मी तुम्हाला फोन करणारच होते. तुमच्या ताईंचे आकडे इतके छान आहेत, आमच्याकडे चौदा वर्षं एकही फॉर्म न चुकलेल्या त्या एकट्याच आहेत, नव्या दात्यांशी त्या येऊन बोलतील का?

मी ते झेरॉक्स त्यांच्या टेबलावर ठेवले आणि सांगितलं.

त्यांनी मला मध्ये अडवलं नाही. सांगून झाल्यावर उठून कपाटातून एक जाड कागद काढला. त्यावर आलेख होता, नाव झाकलेलं, फक्त 'दात्री, ऑपरेशनच्या वेळी वय ४०'. चौदा वर्षांची रेघ, अगदी सपाट. म्हणाल्या, "हा मी लोकांना दाखवते. भाऊ, नवरा, पोरगा, कुणाला तरी द्यायला आलेली माणसं असतात, घाबरलेली. त्यांच्यासमोर हा ठेवते आणि म्हणते, ह्या बघा, ह्या बाई."

मी म्हणालो, सहा वर्षांपर्यंतची रेघ खरी आहे.

त्या म्हणाल्या, "वाईट आकडा आला असता तरी मला चाललं असतं हो. मी त्यांना बोलावून घेतलं असतं. फॉर्मच आला नसता तरी चाललं असतं, मी स्वतः त्यांच्या दारात गेले असते. तुम्ही तिसरंच केलंत." मग फॉर्म चाळत म्हणाल्या, "माझ्या यादीत त्यांच्या नावापुढे दर वर्षी बरोबरची खूण होती. म्हणून मी त्यांच्याकडे कधी बघितलंच नाही."

त्यांनी पट्टी घेतली आणि प्रत्येक फॉर्मवर आडवी रेघ मारली. प्रत्येक रेघेखाली मला सही करायला लावली. या वेळी माझी स्वतःची. आठ सह्या. तिसऱ्या-चौथ्या सहीला माझा हात तुझ्या फराट्याकडे वळला, सवयीने. त्यांनी ते पाहिलं. त्या फॉर्मचा दुसरा झेरॉक्स काढून, रेघ मारून पुढे ठेवला.

पुढे काय, असं मी विचारलं. प्रकरण वर जाईल, म्हणाल्या. तुमच्यावर काय करायचं ते ते ठरवतील, ताईंच्या तपासण्या आणि औषधं आमच्याकडून होतील, ते आधी. आणि पत्ता बदलू, फॉर्म यापुढे थेट त्यांच्याकडे. त्यासाठी तुझी संमती लागते. मी म्हटलं विचारून सांगतो, आणि माझ्याच कानांना ते 'बघून सांगतो'सारखं लागलं, म्हणून तिथेच उभा राहून तुझ्या लेकीला निरोप पाठवला.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. नऊ वर्षं तिला एवढंच माहीत होतं की आपलं भांडण झालं. ती चहा गाळत होती. म्हणाली, "आणि तुम्ही काल त्या म्हाताऱ्या दुकानदाराला दहा ग्रॅमसाठी बोल लावून आलात." माझा चहा टेबलावर ठेवून स्वतःचा घेऊन ती आतल्या खोलीत गेली.

ताई, मला माफ कर असं या पत्रात कुठेही लिहिलेलं नाही, हे मी वाचून तपासलं. ते लिहिलं की तुला उत्तर देणं भाग पडेल. तुझ्यावर आणखी एक काम टाकायचं नाहीये.

मी


११ एप्रिल

ताई,

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. पाकिटावर तुझं अक्षर होतं, म्हणून ते तसंच हातात घेऊन बसलो. आत पाच ओळी. तू विसरली असशील म्हणून नाही, पण माझ्या पत्रांच्या गठ्ठ्यात ती हवी म्हणून उतरवतो.

'तोळामासा,
आठ वर्षं मला एकसष्ट किलोवर ठेवलंस त्याबद्दल आभारी आहे. लेकीने हे वाचून दाखवलं तेव्हा मी हसले आणि मग तिला म्हटलं, मला जरा एकटीला बसू दे.
फोन करू नकोस. मी बोलणार नाही, मला जमणार नाही. कधी जमेल माहीत नाही.
पत्ता बदलू नकोस. फॉर्म तुझ्याकडेच येऊ दे. आला की पाठव. भरू नकोस, पाठव.
सूज उतरतेय. चपला होतात.'

खाली सही आहे. फराटा. मी केलेल्या आठही सह्या काढून तिच्याशेजारी ठेवल्या. माझ्या जास्त नीट आहेत. तुझी दर वेळी घाईत असते, शेवटी कागदाबाहेर जाते. आठ वर्षांत एकदाही मी ती कागदाबाहेर जाऊ दिली नव्हती. माझ्यासारख्या तपासनिसाने ते पहिल्याच वर्षी पकडलं असतं.

मी फोन करणार नाही. तू धाकटीबद्दल विचारलेलं नाहीस, हेही माझ्या लक्षात आलंय. विचारू नकोस. थोरलीचं मी तुझ्या लेकीकडून घेत जाईन, ती सांगेल तेवढंच.

बाईंना तुझा निरोप कळवला. त्या म्हणाल्या, नियमाने पत्ता बदलायला हवा. मग म्हणाल्या, ताईंनी तसं लेखी दिलंय का? दिलंय म्हटल्यावर म्हणाल्या, "ठीक आहे. पण त्यांचा फोन नंबर मी घेतलाय. पाकीट निघालं की मी त्यांना कळवणार, आणि आठवड्यात त्यांच्या हाती पडलं नाही तर तुम्हाला." मी आभार मानले. मनापासून मानले. माझ्यावर कुणीतरी नजर ठेवणार आहे, हे ऐकून इतकं हलकं वाटेल असं वाटलं नव्हतं. त्या पुढे म्हणाल्या की तो जाड कागद त्यांनी फाडलेला नाही. सहा वर्षांनंतर रेघ कापली आहे, मधली जागा रिकामी ठेवली आहे, आणि उजव्या टोकाला तुझा नवा आकडा टिंब काढून दाखवला आहे. नव्या लोकांना आता तो तसाच दाखवतात. लोक विचारतात, मध्ये काय झालं? त्या सांगतात, मध्ये कुणी विचारलं नाही.

या वर्षीचा फॉर्म उशिरा, चार दिवसांपूर्वी आला होता. तुझं पत्र येईपर्यंत मी त्याला हात लावला नाही. आता पाकीट केलं आहे. पिवळं पत्रक वर ठेवलंय, चौथी ओळ दिसेल अशी घडी घालून. फॉर्ममध्ये तुझं नाव छापलेलं आहे, बाकी सगळे रकाने मोकळे आहेत. या पत्राशिवाय सोबत दोन ओळी लिहायच्या का, यावर मी पुन्हा अर्धा तास घालवला, आणि ते लक्षात आल्यावर पेन टोपण लावून बाजूला ठेवलं. हे पत्र उद्या पुरं झालं नाही तरी चालेल. ते मागून येईल. पाकीट थांबणार नाही.

टपाल कार्यालय नऊला उघडतं. वहीत आजचं पान लिहून झालं. बीपी, वजन, मागच्या तपासणीचं १.२४. तळाशी ओळ घातली.

उद्याचं काम: ताईचा फॉर्म पाठवणे. कोरा.